सव्वातीन आण्यांचे तांदूळ-मूग आणि इंदापूरचा सारा

पेट किंवा सेट-नेटच्या पहिल्या पेपरची तयारी करताना असली गणितं तुम्ही डझनाने सोडवली असतील. बाजारात ५ किलो ज्वारी आणि २ किलो हरभऱ्याचे मिळून इतके रुपये झाले, ३ किलो ज्वारी आणि ४ किलो हरभऱ्याचे तितके झाले, तर ज्वारीचा भाव किती? दोन समीकरणं मांडायची, एक अव्यक्त घालवायचं, योग्य पर्यायावर खूण करायची आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. मीही हेच करत आले. पुढे पीएचडीसाठी एकोणिसाव्या शतकातल्या भीमथडी आणि इंदापूर तालुक्यांचा जमीन महसूल हा विषय घेतला (भीमथडी म्हणजे ढोबळमानाने आजचे बारामती आणि दौंड) आणि महसुलाच्या कागदांत हेच गणित पुन्हा समोर आलं. फरक एवढाच, की तिथे पर्याय दिलेले नव्हते आणि उत्तर चुकलं की माणसं गाव सोडून जात होती.

ते गणित समजायला आधी एक जुनं, सुखाचं गणित घेऊ.

भास्कराचार्यांची लीलावती, साल ११५० च्या आसपासचं. एक वाटसरू वाण्यापुढे उभा आहे. एका द्रम्माला साडेतीन मापं तांदूळ आणि एका द्रम्मालाच आठ मापं मूग असा भाव आहे. वाटसरूच्या हातात १३ काकिणी. त्याला दोन भाग तांदूळ आणि एक भाग मूग हवेत, तेही चटकन, कारण सोबती पुढे निघणार आहे आणि जेवण उरकायचंय. (दोनास एक तांदूळ-मूग म्हणजे खिचडीच असणार, असा माझा अंदाज.) तर कशाचे किती द्यायचे?

नाण्यांचं कोष्टक असं: ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म. म्हणजे द्रम्माच्या ६४ काकिणी. आता मूग क्ष मापं धरा, तांदूळ २क्ष. तांदळाची किंमत २क्ष भागिले साडेतीन, म्हणजे ४क्ष/७ द्रम्म. मुगाची क्ष/८. बेरीज ३९क्ष/५६, आणि ती १३/६४ एवढी हवी. क्ष येतो ७/२४. म्हणजे मूग ७/२४ माप आणि तांदूळ ७/१२ माप.

इथे थांबू नका. कोष्टकाकडे परत बघा. चार, मग सोळा. चार पैशांचा आणा, सोळा आण्यांचा रुपया, हेच ते प्रमाण. घरात कुणी ऐंशी-नव्वदीतलं असेल तर त्यांना हे गणित द्रम्माऐवजी रुपयात घालून बघा. १३ काकिणी म्हणजे १३ जुने पैसे, म्हणजे सव्वातीन आणे. आणि साडेतीन म्हणजे औट. ज्यांनी शाळेत पावकी, निमकी, सवायकी, औटकी घोकली आहे, त्यांना हे गणित परकं वाटत नाही. पैच्या हिशोबात तर ते आणखी देखणं होतं. रुपयाच्या १९२ पै, तेरा पैशांच्या ३९ पै. त्यातल्या तांदळाला बरोबर ३२ पै जातात आणि मुगाला ७. बाकी काही उरत नाही. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, आणि तीच रक्कम वीस नवे पैसे आणि वर एक न मोडणारा तुकडा अशी झाली.

बाकी काही उरत नाही, कारण उरू नये असेच आकडे निवडलेत. गणित रचणाऱ्याने उत्तर आधी पाहिलेलं असतं. भाव काय, हे वाण्याला ठाऊक आहे. हातात किती, हे वाटसरूला ठाऊक आहे. प्रमाण त्याने स्वतःच्या भुकेवर ठरवलंय. अव्यक्त एकच, आणि ते बीजगणिताने सुटतं. भास्कराचार्य त्याला यावत्-तावत् म्हणतात, आपण क्ष म्हणतो.

पण ग्रंथाची सुरुवात या गणितापासून होत नाही, हेही लक्षात घ्या. सुरुवात परिभाषेपासून होते: नाणी, वजनं, लांबी, धान्याची मापं. ती सांगून झाल्यावर काळाची वगैरे उरलेली परिभाषा लोकव्यवहारातून समजून घ्यावी, असं सांगून ग्रंथकार पुढे जातो. संशोधनाच्या पद्धतीवरच्या तुमच्या जाडजूड पुस्तकांत हीच गोष्ट बरीच पानं घेते.

आणखी एक गोष्ट, कारण ती मला फार आवडते. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ काढला. त्याचा शिलालेख शके ११२८ चा, म्हणजे १२०६-०७ चा. लेख बहुतेक संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि तो देणग्यांचा आहे. पेठेत जो माल विकायला येईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला जो कर मिळायचा तो मठाला दिला, घाण्यांवरून तेल दिलं, असं त्यात आहे. खरेदी-विक्रीची गणितं शिकवणारी शाळा खरेदी-विक्रीवरच चालत होती.

आता सहाशे वर्षं ओलांडून १८२० च्या दशकात या. पेशवाई १८१८ ला बुडालेली आहे. मुंबईत जॉर्ज जर्विस हा लष्करी इंजिनिअर चार्ल्स हटनच्या इंग्रजी पुस्तकांवरून मराठीत गणिताची पुस्तकं तयार करतोय. आणि पुण्यात रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाचा तरुण असिस्टंट कलेक्टर एक गणित मांडतोय. त्याचं गणित छापील पुस्तकात आलं नाही. ते थेट शेतावर गेलं.

प्रिंगल हेलिबरीच्या कॉलेजात शिकला होता. कंपनीचे मुलकी अधिकारी तिथे तयार व्हायचे आणि अर्थशास्त्र शिकवायला होते माल्थस. त्या काळात रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत नवा होता. त्याचं सार असं: जमिनीच्या उत्पन्नातून पेरणी-नांगरणीचा, मजुरीचा, भांडवलाचा खर्च वजा करा. उरतं ते निव्वळ उत्पन्न. हा खंड म्हणजे जमिनीच्या सुपीकपणाची देणगी, शेतकऱ्याच्या मेहनतीचं फळ नव्हे. म्हणून तो सरकारने घेतला तरी शेती बिघडत नाही. प्रिंगलने ठरवलं की दख्खनमध्ये प्रत्येक प्रतीच्या जमिनीचं निव्वळ उत्पन्न काढायचं आणि त्याचे शेकडा ५५ सारा म्हणून घ्यायचे.

मांडणी करून बघा. एकरी पीक गुणिले भाव, त्यातून खर्च वजा, उरलेल्याचे ५५ टक्के. दुकानातलंच गणित. किती माल, काय दर, किती खर्च, किती शिल्लक. पेशवाईत कागदावर कमाल आकार लिहिलेला असायचा, पण प्रत्यक्ष वसूल पीकपाणी बघून, पाटलाशी घासाघीस होऊन ठरायचा. प्रिंगलला ती घासाघीस काढून टाकायची होती, आणि त्यामागचा हेतू वाईट होता असं मला त्याचं लिखाण वाचून वाटत नाही. त्याला न्याय्य आकडा हवा होता.

आता वाण्याच्या दुकानाशी ताडून बघा. तिथे भाव वाण्याने सांगितला. इथे भाव कुणी सांगितला? गेल्या काही वर्षांच्या सरासरीने. पीक किती येतं हे कुणी सांगितलं? हाताखालच्या कारकून-मोजणीदारांनी, गावकऱ्यांना विचारून. जास्त सांगितलं तर सारा वाढणार, हे गावकऱ्याला कळत होतं. आणि किती लिहायचं हे आपल्या हातात आहे, हे कारकुनालाही कळत होतं. लाच घेऊन प्रती खालीवर झाल्या, मोजणी चुकली, हे पुढे सरकारी तपासातच निघालं. खर्चाचं तर विचारूच नका. घरच्या बैलाची किंमत काय धरायची? बायकोच्या खुरपणीची? सुताराला दिलेल्या बलुत्याची?

तुम्ही म्हणाल, चुका काय, सगळ्याच मोजणीत असतात. खरंय. पण ही वजाबाकी आहे, आणि वजाबाकी चुका वाढवते. कसं ते बघू. खालचे आकडे मी सोयीसाठी घेतलेत, कुठल्या दप्तरातले नाहीत. पद्धत मात्र प्रिंगलची.

समजा एका शेतात १० मण ज्वारी आली आणि सरासरी भाव मणाला रुपया. ढोबळ उत्पन्न १० रुपये. खर्च ७ रुपये. निव्वळ ३ रुपये, म्हणजे ४८ आणे. त्याचे ५५ टक्के म्हणजे २६.४ आणे, साधारण एक रुपया साडेदहा आणे. हा सारा ठरला आणि कायम झाला. आता भाव रुपयावरून बारा आण्यांवर आला. घसरण फक्त एक चतुर्थांश. ढोबळ उत्पन्न साडेसात रुपये. खर्च सातच धरला तर निव्वळ उरतात ८ आणे. भाव चौथ्या हिश्श्याने उतरला, पण निव्वळ सहाव्या हिश्श्यावर आलं. आणि सारा आहे २६ आण्यांच्या वर. हातात आठ आणे, देणं सव्वीस.

१८१८ नंतर दख्खनमध्ये धान्याचे भाव उतरत गेले, हे बऱ्याच इतिहासकारांनी दाखवलंय. सुमित गुहांचं बॉम्बे डेक्कनच्या शेतीअर्थव्यवस्थेवरचं पुस्तक यासाठी जरूर वाचा, आणि प्रिंगल-माल्थस नात्यासाठी एरिक स्टोक्स. शिवाय इंदापूर पर्जन्यछायेतला. आज बारामती-इंदापूरच्या रस्त्याने ऊस बघत जाताना हे डोळ्यांपुढे येत नाही. पण नीरा डावा कालवा १८८० च्या दशकातला, उजनी तर त्याच्याही पुढे शंभर वर्षांनी. १८३० मध्ये इथे पाऊस झाला तर पीक, नाहीतर नाही. नवे दर लागू झाले, वसूल थकत गेला, सूट द्यावी लागली, जमिनी पडीक पडल्या. काही कुणबी निजामाच्या मुलखात निघून गेले. थकबाकी वसूल करताना लोकांचा छळ झाला, हे पुढे मुंबई सरकारच्याच अहवालात कबूल केलंय.

या गणितात बीजगणिताची चूक कुठेच नव्हती, आणि माझं म्हणणं तेवढ्यासाठीच आहे. प्रिंगलची तपासनीस मंडळी पायरी न पायरी तपासत बसली असती तरी त्यांना काही सापडलं नसतं. चूक ‘दिलेले आहे’ या शब्दांत होती. आपण गणितात सवयीने ‘दिलेलं’ लिहितो आणि खाली रेघ मारतो. इंदापुरात ते कुणीच दिलेलं नव्हतं.

१८३५ ला सरकारने गोल्डस्मिड नावाच्या अधिकाऱ्याला इंदापूरला पाठवलं. सोबत लेफ्टनंट जॉर्ज विंगेट, इंजिनिअर्सचा. त्यांनी जे केलं त्याचं पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात शास्त्र झालं आणि सगळ्या मुंबई इलाख्यात ते पसरलं. पण त्याची सुरुवात इंदापूरची. नवे दर १८३६ ला लागू झाले, तीस वर्षांच्या मुदतीने.

त्यांनी वजाबाकी सोडून दिली. एका शेताचं निव्वळ उत्पन्न किती, हा प्रश्नच विचारला नाही. त्याऐवजी आधी सबंध तालुक्याकडून किती घेता येईल ते ठरवलं: मागच्या वर्षांत प्रत्यक्ष किती वसूल झाला, कुठल्या वर्षी लागवड वाढली, कुठल्या वर्षी घटली, पाऊस कसा, बाजार किती लांब. मग ती रक्कम शेतांवर वाटली, आणि वाटायचं प्रमाण ठरवलं मातीवरून. उत्तम, खोल, काळ्या जमिनीला सोळा आणे. तिथून चौदा, बारा, दहा, आठ, सहा, साडेचार, तीन, दोन, अशा नऊ प्रती. जमिनीत चुनखडी, रेती, उतार, पाण्याचा लोंढा असा दोष असेल तर प्रत एक पायरी खाली. मातीची खोली हाताने मोजता येते, आणि ती गावातल्या कुणालाही पडताळता येते. भाव आणि खर्च या दोन न सापडणाऱ्या गोष्टी गणितातून बाहेर गेल्या.

लीलावती वाचलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. त्यात भागीदारीचं एक गणित आहे: तीन व्यापाऱ्यांचं भांडवल ५१, ६८ आणि ८५, सगळ्यांचं मिळून ३०० झाले, तर वाटणी कशी? भांडवलांची बेरीज २०४, म्हणून ७५, १०० आणि १२५. याला प्रक्षेप म्हणतात. एकूण ठाऊक आहे, प्रमाण ठाऊक आहे, वाटून द्या. विंगेटने लीलावती चाळली होती असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण प्रिंगलने सोडवलं ते नफ्याचं गणित आणि विंगेटने सोडवलं ते वाटणीचं, असं मांडलं की दोघांमधला फरक मला स्वतःला पहिल्यांदा नीट कळला. वाटणीच्या गणितात एखाद्या शेताची प्रत चुकली तरी चूक तेवढीच राहते, सहापट होत नाही.

(आण्याचं बघा काय झालं. रुपयाचा सोळावा भाग, मातीचा सोळावा भाग, आणि मोजणीच्या ३३ फुटी साखळीचेही सोळा आणेच. आण्याचं नाणं गेलं, पण ‘आणेवारी’ हा शब्द तलाठ्याच्या तोंडून तुम्ही ऐकलाच असेल. आता सरकारी कागदावर ती पैसेवारी झालीय, आणि ५० पैशांच्या आत आली की गावाला टंचाईच्या सवलती लागू होतात.)

वाटणीच्या गणिताला एक मोठं भोक आहे आणि तुम्ही ते एव्हाना पकडलं असेल. एकूण रक्कम कशी ठरली? सोळा आणे हे फक्त प्रमाण आहे. सगळ्यांचा सारा दुप्पट केला तरी प्रमाण तेच राहतं, गणित तितकंच बरोबर दिसतं. १८३६ ला ती रक्कम सांभाळून धरली, जमिनी पुन्हा लागवडीखाली आल्या. तीस वर्षांची मुदत संपली ती नेमकी अमेरिकन यादवीच्या कापूस-तेजीनंतर. भाव चढलेले, रेल्वे आलेली. फेरपाहणी सगळ्यात आधी इंदापुरात झाली आणि एकूण रक्कम चांगलीच वाढवली गेली. मग तेजी ओसरली. १२ मे १८७५ ला सुपे इथे, म्हणजे तेव्हाच्या भीमथडी आणि आजच्या बारामती तालुक्यात, बाजाराच्या गावातच सावकारांची कर्जखतं बाहेर काढून जाळली गेली. दख्खनच्या दंग्यांची ती सुरुवात. साराच त्याला कारण होता की सावकारी, की तेजीनंतरची मंदी, यावर इतिहासकारांचं अजून एकमत नाही, आणि दोन परिच्छेदांत मी ते मिटवू शकणार नाही. तो स्वतंत्र लेखाचा विषय.

प्रिंगलच्या गणितातला एक धागा मात्र मी मुद्दाम सोडला होता. भाव उतरला तेव्हा खर्च सातच रुपये धरला. ते बरोबर नाही. माझ्या मार्गदर्शकांनी पहिल्याच मसुद्यात यावर लाल शाईने प्रश्नचिन्ह काढलं होतं आणि मला दोन दिवस राग आला होता. बियाणं धान्यातच असतं. बलुतं धान्यात. मजुरी बरीचशी धान्यात. म्हणजे ज्वारी स्वस्त झाली की खर्चाचा तेवढा भागही स्वस्त होतो.

मग असं मांडा. सात रुपये खर्चापैकी ग रुपये धान्यातले, बाकी रोख. भाव चौथाईने उतरला की खर्च ७ − ग/४ होतो. ढोबळ उत्पन्न साडेसात. निव्वळ उरतं अर्धा अधिक ग/४. सारा १.६५ रुपये. शेतकऱ्याला सारा भरून निदान शून्यावर राहायचं असेल तर अर्धा अधिक ग/४ किमान १.६५ हवा, म्हणजे ग किमान ४.६०. सातपैकी चार रुपये साडेनऊ आण्यांहून थोडा जास्त खर्च धान्यात असेल तर तो जेमतेम तरतो. त्याहून कमी असेल तर कर्ज काढतो किंवा बैल विकतो. सगळा खर्च धान्यातला असता तर निव्वळ सव्वादोन रुपये राहिलं असतं, आणि सारा ५५ ऐवजी ७३ टक्के झाला असता. जड, पण गाव सोडण्याइतका नाही.

तेव्हा आता अव्यक्त ‘ग’ आहे, आणि त्याच्यासाठी दुसरं समीकरण नाही. तो कुलकर्ण्यांच्या मोडी कागदांत आहे: बलुत्याच्या याद्या, गावखर्चाचे ताळेबंद, सावकाराच्या वहीतली बियाण्याची उचल. शेर गावोगाव वेगळा, काही ठिकाणी वजनाचा, काही ठिकाणी मापाचा, त्यामुळे प्रत्येक यादीआधी त्या गावचं कोष्टक शोधावं लागतं. चार शेरांची पायली एवढं सोडलं तर बाकी काहीच गृहीत धरता येत नाही. गेल्या महिन्यात एका गावच्या यादीत मी सुताराचं बलुतं सरळ पायलीत धरून बेरीज केली आणि आकडा एवढा मोठा आला की सुतार गावातला सगळ्यात श्रीमंत ठरला. खाली समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं की माप मापट्याचं. दोन मापट्यांचा शेर, म्हणजे आठ मापट्यांची पायली. सगळं आठाने भागून पुन्हा सुरुवात केली.